गॅरेजात मुरलेली डच

जकार्तात मोटारसायकल कुरकुरायला लागली की ती ‘बेंगकेल’मध्ये न्यायची. तिथल्या पोराला डच भाषेचा गंधही नसतो. पण ब्रेकला तो ‘रेम’ म्हणतो, क्लचला ‘कोपलिंग’, टायरला ‘बान’. सायलेन्सर म्हणजे ‘क्नालपोट’. डचमध्ये याची फोड धडाका आणि मडकं अशी होते! जॅकला ‘डोंगक्राक’ म्हणतात, तो मूळचा ‘डोमेक्राख्त’, शब्दशः मठ्ठ ताकद. खुद्द ‘बेंगकेल’ हा डच ‘विंकेल’चा अवतार. हॉलंडात त्याचा अर्थ साधं दुकान. इथे आल्यावर त्याला वंगणाचा वास लागला.

डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली 1602 मध्ये आणि 1619 मध्ये तिने जावाच्या किनाऱ्यावर बटाविया वसवलं, तेच आजचं जकार्ता. राज्य इतकं लांबलं, तरी आपली भाषा सर्वांना शिकवावी असं डचांना फारसं वाटलं नाही. स्थानिकांशी कारभार मलय भाषेत चाले. डच शाळा मूठभरांसाठी. त्यामुळे शब्द पुस्तकांतून कमी आणि स्वयंपाकघर, कचेरी, कारखाना यांतून कानोकानी जास्त आले. ऐकलं तसं उचललं. टॉवेलचा ‘हांडडुक’ झाला ‘हांडुक’, फ्रिजचा ‘कुलकास्ट’ शेवटचा ‘ट’ गाळून ‘कुलकास’.

सगळ्यात गमतीची गोष्ट ‘चिस’ या शेपटाची. डच माणूस लाडाने किंवा लहान वस्तूला ‘-त्ये’ जोडतो, अनेकवचनी ‘-त्येस’. ‘कार्त्येस’ म्हणजे छोटी कार्डं, तिकिटं. जावात 1867 मध्ये रेल्वे सुरू झाली. आज एकच तिकीट काढलं तरी ते ‘कार्चिस’च. फरसबीच्या शेंगांचं, ‘बोन्त्येस’चंही तसंच ‘बुंचिस’ झालं. लाडही गेला आणि अनेकवचनही. रुळांना डच ‘स्पोर’ म्हणत. जावानीज लोकांनी अख्ख्या आगगाडीलाच ‘सेपुर’ करून टाकलं.

1824 च्या करारात इंग्रज आणि डचांनी मलाक्काच्या सामुद्रधुनीत रेघ ओढली नि एकाच भाषेच्या दोन वाटा झाल्या. पलीकडे मलेशियात टायर ‘तायार’ आहे आणि ऑफिसला ‘कांतोर’ऐवजी ‘पेजाबात’ म्हणतात. ‘दुइत’ मात्र दोन्हीकडे चालतो: कंपनीचं ते तांब्याचं हलकं नाणं, ज्याचा अर्थ आता सरसकट पैसा.

डचांच्या आधी पोर्तुगीज येऊन गेले होते, त्यांचेही शब्द टिकले. मलेशियात ‘लेलोंग’, इंडोनेशियात ‘लेलांग’ म्हणून जो पुकारला जातो, तो मूळ ‘लैलांव’ कोकण किनाऱ्यावरही उतरला होता. आपण त्याला लिलाव म्हणतो.