फेरपरीक्षेचे दप्तर
1953 साली अमेरिकेतील नऊ व्यवस्थापन-विद्यालयांनी संकल्पिलेली, 1954 पासून जारी झालेली आणि पुढे ‘जीमॅट’ या नावाने विख्यात झालेली जी प्रवेशपरीक्षा, तिच्या गुणांपेक्षा तिच्या दप्तराचाच इतिहास मला अधिक उद्बोधक वाटतो. कारण पाच वर्षांतील साऱ्या प्रयत्नांची, रद्द केलेल्यांचीसुद्धा, नोंद विद्यालयाकडे रवाना होत असल्यामुळे पुन्हा बसावे की न बसावे याचा निर्णय उमेदवार दीर्घकाळ त्या दप्तराच्या धाकाखालीच करीत असे. 2014 मध्ये गुण पाहून मग ते रद्द करण्याची मुभा मिळाली. 2015 मध्ये रद्द गुणांची नोंदही अहवालातून वगळली गेली. (उदारपणा खरा, पण फेरपरीक्षेचे शुल्क माफ झाले नाही!) वर्षातून एकदाच होणाऱ्या ‘कॅट’ या भारतीय व्यवस्थापन-प्रवेशपरीक्षेचा आपला उमेदवार मात्र गुण कमी पडल्यास पुढील वर्षापर्यंत खोळंबतो.