जंतू मारणारं फिनॉल जंतूच खातात? कोक ओव्हनच्या सांडपाण्यातून नायट्रोजन कसा काढतात

१८६५ साली ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर या सर्जनने जखमा सडू नयेत म्हणून कार्बोलिक ॲसिड वापरलं. कार्बोलिक ॲसिड म्हणजेच फिनॉल. जंतू मारणं हीच त्याची जुनी ओळख. मग फिनॉल असलेलं सांडपाणी जिवाणूंकडूनच स्वच्छ करून कसं घेतात? आणि त्याच पाण्यात भरपूर अमोनिया असेल तर? सगळी गंमत टाक्यांच्या क्रमात आहे.

हे पाणी येतं कुठून?

पोलाद बनवायला कोक लागतो (कोल्ड्रिंकवाला नाही!). दगडी कोळसा हवेशिवाय साधारण १००० अंश सेल्सिअसला तापवला की कोक तयार होतो. त्या वेळी निघणारा गॅस थंड करून धुतात, आणि फिनॉल, अमोनिया, सायनाइड, थायोसायनेट हे सगळं पाण्यात उतरतं. भिलाई, राउरकेला, जमशेदपूर इथल्या पोलाद कारखान्यांत असे कोक ओव्हन आहेत. बराचसा अमोनिया आधी वाफेने काढून घेतात. उरलेला जिवाणूंच्या वाट्याला येतो.

तसंच नदीत सोडलं तर?

अमोनिया माशांना विषारी आहे, शिवाय तो पाण्यातला ऑक्सिजन खातो. फिनॉल असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकलं की क्लोरोफिनॉल बनतात आणि पाण्याला औषधासारखा वास येतो. म्हणून भारतात नदी-नाल्यात पाणी सोडताना फिनॉलची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम आणि अमोनियाच्या रूपातल्या नायट्रोजनची ५० मिलिग्रॅम आहे.

काम करणाऱ्या दोन टीम

१. नायट्रिफिकेशन टीम: नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, मग नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा त्याचं नायट्रेट करतात. यांना हवा लागते. १ ग्रॅम नायट्रोजनमागे साधारण ४.६ ग्रॅम ऑक्सिजन! हे हळू वाढतात आणि फिनॉल यांना अजिबात सोसत नाही.

२. डीनायट्रिफिकेशन टीम: थावेरा, स्यूडोमोनास वगैरे. ऑक्सिजन नसेल तेव्हा हे नायट्रेटवर श्वास घेतात आणि त्याचा नायट्रोजन वायू करतात. हा वायू हवेत तसाही ७८ टक्के आहे, त्यामुळे तो उडून गेला तरी बिघडत नाही. पण यांना खायला कार्बन लागतो. यातल्या काही जिवाणूंना फिनॉल चालतं, फक्त प्रमाणात हवं.

म्हणजे एका टीमचं विष हे दुसऱ्या टीमचं जेवण आहे.

मग अडचण काय?

रसायनशास्त्राच्या हिशेबाने आधी नायट्रेट बनायला हवं, मग त्याचा वायू. टाक्याही त्याच क्रमाने लावल्या तर दोन घोळ होतात. पहिल्याच टाकीत फिनॉल नायट्रिफिकेशन टीमला गाठतं. आणि हवेवर वाढणाऱ्या इतर जिवाणूंनी ते तिथेच खाऊन टाकलं, तर दुसऱ्या टाकीत नायट्रेट असतं पण जेवण संपलेलं असतं. मग मिथेनॉलसारखा कार्बन विकत आणून टाकावा लागतो.

उपाय: क्रम उलटा, आणि एक लूप

कच्चं सांडपाणी आधी बिनहवेच्या टाकीत सोडतात. तिला ॲनॉक्सिक टाकी म्हणतात. तिथून ते हवेच्या टाकीत जातं, तिथे अमोनियाचं नायट्रेट होतं. यातलं बरंचसं पाणी पंपाने पुन्हा पहिल्या टाकीत आणतात. आता पहिल्या टाकीत जेवायला फिनॉल आहे आणि श्वासाला नायट्रेट. दोन्ही एकदमच कमी होतात, आणि हवेच्या टाकीत जाणाऱ्या पाण्यात फिनॉल फारसं उरत नाही.

हिशेब बघा. नायट्रेटमधल्या १ ग्रॅम नायट्रोजनला किमान १.२ ग्रॅम फिनॉल लागतं. जिवाणू स्वतःच्या वाढीसाठीही कार्बन वापरतात, त्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. येणाऱ्या पाण्याच्या ४ पट पाणी परत फिरवलं, तर ५ पैकी ४ भाग नायट्रेट मागे येतं, म्हणजे जास्तीत जास्त ८० टक्के निघू शकतं. मग १०० पट का फिरवत नाही? एक तर पंपाची वीज, आणि दुसरं म्हणजे परतणाऱ्या पाण्यासोबत ऑक्सिजनही येतो. तो मिळाला की जिवाणू नायट्रेटला हात लावत नाहीत.

सिस्टीम कशी कोलमडते?

• अचानक जास्त फिनॉल आलं, की नायट्रिफिकेशन बंद पडतं. हे जिवाणू हळू वाढत असल्याने घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे जाऊ शकतात. म्हणून सुरुवातीला पाणी साठवून एकसारखं करणारी टाकी हवीच.
• नायट्रिफिकेशनमध्ये आम्ल तयार होतं, त्यामुळे पीएच घसरतो. पहिल्या टाकीत यातली निम्मी भरपाई होते, बाकी सोडा किंवा चुना टाकून करतात.
• थायोसायनेट फुटलं की त्यातून नवीन अमोनिया निघतो. तो हिशेबात धरला नाही, तर आकडे जुळत नाहीत.

रिपोर्ट कसा वाचायचा?

पर्यावरण मंजुरी मिळालेल्या मोठ्या प्रकल्पांना अटी पाळल्याचा सहामाही अहवाल आपल्या वेबसाइटवर टाकावा लागतो. तो मोबाइलवर उघडलात तर एकाच आकड्यावर थांबू नका. फिनॉल कमी दिसतंय म्हणून अमोनिया गेला असं नाही. अमोनिया कमी झाला म्हणून नायट्रोजन गेला असंही नाही, तो नायट्रेट बनून पाण्यातच बसलेला असू शकतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, कारण जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची क्षमता कमी करतं. त्यामुळे फिनॉल, अमोनिया आणि नायट्रेट हे तिन्ही आकडे शोधा. नायट्रेटचा रकाना रिकामा असेल, तर पहिला प्रश्न तोच विचारा.