सरोवराचा उन्हाळा उशिरा येतो

आजचा भाग पाण्याच्या तापमानाबद्दल आहे. विषय शाळेच्या भूगोलासारखा वाटेल, पण त्यात जीव वाचवणारी एक गोष्ट आहे, त्यामुळे स्किप करू नका.

पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेल्यांना एक अनुभव नक्की आठवेल. मे महिन्यात वरचं पाणी कोमट असतं, पण पाय खाली सोडले की तळव्यांना एकदम गारवा लागतो. म्हणजे एकाच विहिरीत दोन वेगवेगळी पाणी. हे असं का होतं, हे शोधायला माणसाला बराच वेळ लागला, आणि त्या शोधाची मोठी प्रयोगशाळा होती स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवरचं जिनिव्हा सरोवर. तिथले लोक त्याला लेमान म्हणतात. खोली जवळपास ३१० मीटर.

अठराव्या शतकात जिनिव्हाचा एक शास्त्रज्ञ होता, होरास-बेनेदिक्त द सोस्यूर. त्याला सरोवराच्या तळाचं तापमान हवं होतं. अडचण सोपी पण चिवट होती: थर्मामीटर खाली सोडला, तरी वर ओढेपर्यंत मधल्या कोमट पाण्यात त्याचा आकडा बदलणार. आमच्या भाषेत सांगायचं तर रीडिंग येईपर्यंत डेटा खराब. त्याची युक्ती मला फार आवडली. त्याने थर्मामीटरला उष्णता सहज जाऊ न देणाऱ्या पदार्थांचं जाड वेष्टण दिलं आणि तो कितीतरी तास तळाशी ठेवला. सावकाश थंड होणारा थर्मामीटर सावकाशच गरम होतो, त्यामुळे वर येईपर्यंत आकडा टिकला. तळाचं पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार निघालं.

कारण पाण्याच्या स्वभावात आहे. गोडं पाणी सर्वांत जड असतं ते साधारण ४ अंश सेल्सिअसला. उन्हाने तापलेलं पाणी हलकं होऊन वर तरंगतं, थंड पाणी खाली बसतं, आणि दोघं सहजासहजी मिसळत नाहीत. मधे एक पट्टा असतो, जिथे काही मीटरमध्येच तापमान झपकन उतरतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा सरोवरावर काम करणाऱ्या एडवर्ड बर्ज यांनी १८९०च्या दशकात या पट्ट्याला थर्मोक्लाइन हे नाव दिलं.

त्याच काळात लेमानच्या काठी, मॉर्ज गावी, फ्रांस्वा-आल्फोंस फोरेल हे गृहस्थ आयुष्यभर एकाच सरोवराचा अभ्यास करत होते. शिक्षणाने डॉक्टर. त्यांचा 'ल लेमान' हा तीन खंडांचा ग्रंथ १८९२ ते १९०४ या काळात आला, आणि सरोवरांच्या शास्त्राचं लिम्नॉलॉजी हे नाव त्यांच्यामुळेच रूढ झालं.

आता हे सगळं मी का वाचत बसलो? माझा मावसभाऊ शिकायला लोझानला गेलाय, म्हणजे याच सरोवराच्या काठी. पट्टीचा पोहणारा. एप्रिलअखेर त्याचा मेसेज आला: "दादा, आज इथे चोवीस डिग्री! रविवारी लेकमध्ये उडी." मी सवयीने आकडे बघितले. हवा २४, पाणी जेमतेम १० अंश.

इथेच गोम आहे. हवा दोन दिवसांत तापते, पण एवढं मोठं सरोवर तापायला महिने लागतात. लेमानचं पाणी सर्वांत थंड असतं साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, वीस अंशांच्या पुढे जातं ते जुलै-ऑगस्टमध्ये, आणि सप्टेंबरात हवा गार झाली तरी पाणी बऱ्यापैकी उबदार राहतं. वसंतातलं ऊन म्हणूनच फसवं असतं. बरं, उन्हाळ्यातही भरवसा नाही. नैऋत्येचा जोराचा वारा वाहिला की वरचं कोमट पाणी जिनिव्हापासून दूर ढकललं जातं आणि त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. काल पोहलात ते पाणी आज तिथे नसतं.

म्हणजे १९०० उजाडेपर्यंत सरोवराचं तापमान बऱ्यापैकी समजलं होतं. थंड पाण्यात माणसाचं काय होतं, हे मात्र समजायला आणखी जवळपास एक शतक गेलं.

१९१२ साली फोरेल वारले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टायटॅनिक बुडालं. समुद्राचं पाणी शून्याच्याही खाली, उणे २ अंशांच्या आसपास. लाइफजॅकेट घातलेली शेकडो माणसं तरंगत होती आणि तरंगतच गेली. कार्पेथिया जहाज दीड-दोन तासांत पोचलं, पण पाण्यातल्यांसाठी उशीर झाला होता. तरीही पुढे कित्येक वर्षं अशा मृत्यूंना सरसकट 'बुडून' असंच म्हटलं गेलं.

दुसऱ्या महायुद्धात असंख्य खलाशी पाण्यात गेले आणि संशोधन वाढलं. सुरुवातीचा रोख होता तो शरीर हळूहळू गार पडण्यावर, म्हणजे हायपोथर्मियावर. पण त्याला वेळ लागतो. धडधाकट माणसाला थंड पाण्यातही सहसा अर्धा तास तरी. मग काठापासून चार हात अंतरावर, दोन मिनिटांत, चांगले पोहणारे का मरतात?

१९८१मध्ये गोल्डन आणि हार्वी या ब्रिटिश संशोधकांनी या प्रक्रियेचे चार टप्पे मांडले, आणि पुढे माइक टिप्टन यांनी पहिल्या टप्प्याचा बारकाईने अभ्यास केला. त्याला कोल्ड शॉक म्हणतात. त्वचा अचानक गार झाली की आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धाप लागते, हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतो. तो पहिला श्वास पाण्याखाली घेतला, तर पाणी थेट फुप्फुसात. हा झटका १० ते १५ अंशांच्या पाण्यातही पूर्ण जोराने बसू शकतो. बर्फ लागत नाही. त्यानंतरच्या काही मिनिटांत हातपाय गार होऊन चालेनासे होतात.

हा झटका आपल्या ताब्यात नसतो, म्हणून विहिरीतल्या पोहण्याचा अनुभव इथे पहिल्या मिनिटात कामी येत नाही. चांगली बातमी ही की एक ते तीन मिनिटांत तो ओसरतो. ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय म्हणूनच सांगते: पाण्यात पडलात तर पोहायची घाई नको, आधी उताणे तरंगा, श्वास ताळ्यावर येऊ द्या.

मावसभावाला लिहिलं तेच तुम्हालाही सांगतो. हवेचं नाही, त्या दिवसाचं पाण्याचं तापमान बघा. पंधराच्या खाली असेल तर उडी अजिबात नाही. काठावरून चालत, तोंडावर-मानेवर पाणी मारत उतरा. काठाला समांतर पोहा, एकटे जाऊ नका, आणि हात जड वाटायच्या आधीच बाहेर या. बाहेर आल्यावरही शरीर काही वेळ गार होत राहतं, म्हणून लगेच कोरडे कपडे.

आपल्याकडच्या तलावांत धोका वेगळा असतो: गाळ, पाणवनस्पती, अचानक वाढणारी खोली, पावसाळ्यात ओढ. तिथे थर्मामीटर पुरणार नाही, स्थानिक माणसाला विचारा.

परदेशी शिकायला गेलेलं कुणी ओळखीचं असेल, तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा, शक्यतो एप्रिलच्या आत. भेटू पुढच्या भागात!