सड्यावरचं पाणी, सड्यावरचा हत्ती

वाळवंट, घळी, पाणवठे म्हटलं की आपल्याला सहारा आठवतं. तिथे अल्जेरियातल्या तासिली पठारावर खडकांवर पाणघोडे आहेत. आज सगळीकडे वाळू, पण चित्रं सांगतात की एकेकाळी इथे भरपूर पाणी होतं. चित्र म्हणजे जुना लॉगच म्हणा ना! आता हीच युक्ती रत्नागिरीत वापरून बघू.

आपल्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तरी एप्रिलच्या दुपारी सड्यावर जा. तापलेला कातळ आणि सावलीला झाड नाही. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून उतारावरच्या झऱ्यांना, पऱ्यांना मिळतं. वर उरतात ती खोलगट जागेतली तळी. राजापूर तालुक्यातल्या रुंढे तळी या नावातच बघा ना, पाणी आहे.

याच सड्यांवर आहेत कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती साधारण 18 मीटर लांब, त्याच्या पोटात कितीतरी प्राणी. बाकी ठिकाणी मासे, पक्षी, माणसं. अभ्यासकांनी गेंडासुद्धा नोंदवलाय. आज रत्नागिरीत रानगेंडा कुठाय? म्हणजे चित्र काढणाऱ्यांनी वेगळं कोकण पाहिलेलं असणार.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून ही शिल्पं शोधली. 2022 मध्ये नऊ ठिकाणं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली: सात रत्नागिरी जिल्ह्यातली, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ.

वय कसं ठरवायचं? कोरलेल्या रेषेत कार्बन नसतो, त्यामुळे थेट कार्बन डेटिंग होत नाही. पण चित्रांत शेती दिसत नाही, म्हणून अनेक अभ्यासक ती शिकारी, भटक्या माणसांची मानतात. अशा माणसांचा मुक्काम पाण्यावर ठरतो. माझा अंदाज असा, की सड्यावरची तळी आणि शिल्पं एकाच नकाशावर मांडली तर बरंच काही कळेल.

अडचण एवढीच, की हाच जांभा चिरे म्हणून घरांना लागतो. खाण पडली की शिल्पही जातं आणि तळंही. उक्षीत हत्तीभोवती कठडा आहे. बहुतेक शिल्पं मात्र उघड्यावरच आहेत.

तर सड्यावर मुक्कामाला जाणार असाल, तर गावात विचारून जा, पाणी सोबत न्या, शिल्पावर पाय देऊ नका, चूल पेटवू नका. रेषा दिसावी म्हणून खडूही फिरवू नका. सकाळच्या तिरक्या उन्हात ती आपोआप दिसते.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!