साय कुठे गेली?

शाळेच्या मधल्या सुट्टीत मिळणारे पावडरीचे दूध आमच्या पिढीतल्या पुष्कळांना अजून आठवत असेल. मोठ्या पातेल्यात ढवळलेले, पातळसर, एक वेगळाच वास असलेले. परदेशातून मदत म्हणून आलेल्या अशा पावडरीत बहुधा दुधातले सगळे असे, फक्त साय नसे. साय नसल्याने असे काय बिघडते? 'थोडे उष्मांक कमी मिळतात, एवढेच' असे उत्तर आपल्याला चटकन सुचते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी चांगल्या चांगल्या डॉक्टरांनीही हेच उत्तर दिले असते. ते चुकीचे आहे हे कसे समजले, त्याची ही हकिगत.

आधी पावडरीत काय असते ते पाहू. सायीसकट दुधाच्या १०० ग्रॅम पावडरीत साधारण २६ ग्रॅम प्रथिने, २६ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ३८ ग्रॅम दुग्धशर्करा आणि ६ ग्रॅम खनिजे असतात. उष्मांक पाचशेच्या आसपास. साय काढलेल्या पावडरीत प्रथिने ३६ ग्रॅमपर्यंत जातात, शर्करा ५० च्या वर, स्निग्ध पदार्थ जेमतेम १ ग्रॅम. प्रथिने आणि कॅल्शियम यांच्या हिशेबात दुसरी पावडर सरसच ठरते. पण 'अ' जीवनसत्त्व पाहा: पहिलीत सुमारे अडीचशे मायक्रोग्रॅम, दुसरीत (वरून घातले नसेल तर) दहासुद्धा नाही. हे जीवनसत्त्व पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते. साय निघाली की तिच्याबरोबर तेही जाते.

दूध वाळवल्याने ते नष्ट होत असेल, अशी शंका मुले हमखास काढतात. फवारा पद्धतीत दुधाचे बारीक तुषार दीड-दोनशे अंश सेल्सियस तापलेल्या हवेत सोडतात खरे, पण तुषारातले पाणी उडत असताना तो थंडच राहतो. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने. म्हणून बहुतेक 'अ' जीवनसत्त्व टिकते. जुन्या पद्धतीत वाफेने तापवलेल्या रुळावर दुधाचा पातळ थर वाळवून खरवडून काढत. त्यात लायसिन या अमिनो आम्लाचे नुकसान जास्त होई.

मग साय काढतात कशासाठी? एक कारण रासायनिक आहे. स्निग्ध पदार्थ हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतात, त्यामुळे सायीसकट पावडर टिकवणे अवघड असते. दुसरे कारण बाजाराचे. लोण्याला गिऱ्हाईक असते, भाव असतो. लोणी काढल्यावर उरते त्याचे काय करायचे, हा प्रश्न दूध पिकवणाऱ्या प्रत्येक देशापुढे आला.

तो डेन्मार्कपुढे फार लवकर आला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे सहकारी दुग्धालये आणि साय वेगळी करणारी यंत्रे गावोगाव पसरली. लोणी ब्रिटनला जाऊ लागले. साय काढलेले दूध शेतावर परत येई. ते डुकरांना, वासरांना आणि गरिबांच्या मुलांनाही मिळे. पावाला लावायला लोण्याऐवजी वनस्पती तेलाचे स्वस्त मार्गारीन. हे दूध पावडरीचे नव्हते, साधे द्रवरूप होते. पण सायीचा प्रश्न दोन्हीकडे एकच.

पहिल्या महायुद्धाच्या काळात कोपनहेगनमधल्या मोठ्या रुग्णालयात कार्ल ब्लोक या बालरोगतज्ज्ञांकडे डोळे गेलेली मुले येऊ लागली. आधी अंधारात दिसेनासे होई, मग डोळे कोरडे पडत, मग बुबुळावरचा पारदर्शक पडदा मऊ होऊन फुटे. बरीचशी मुले खेड्यांतल्या गरीब घरांतली होती, आणि साय काढलेल्या दुधावर व पेजेवर वाढलेली. काही अगदी लहान मुले तर दगावली. ज्या देशातून जगभर लोणी जात होते तिथल्या मुलांची ही अवस्था!

ब्लोक यांनी एका बालगृहातल्या दोन गटांची तुलना केली. दोघांचे घर एक, हवा एक, जेवणही बरेचसे एक. एका गटाला न्याहारीत सायीसकट दूध मिळे, दुसऱ्याला ओटची पेज. डोळ्यांचा रोग दुसऱ्या गटातच होता. कॉड माशाच्या यकृताचे तेल आणि सायीसकट दूध सुरू केल्यावर ही मुले सुधारली. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली: वसंत ऋतूत, म्हणजे मुलांची वाढ झपाट्याने होते तेव्हा, रोगी वाढतात. हे पुढे उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवू.

मग इतिहासानेच एक प्रयोग करून दाखवला. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्यांच्या धाकामुळे मार्गारीनचा कच्चा माल येईना. लोण्याची निर्यात घटली होती. त्या वर्षाच्या डिसेंबरात सरकारने लोण्याचे रेशनिंग केले: माणशी आठवड्याला २५० ग्रॅम, गरिबालाही परवडेल अशा दराने. १९१८ मध्ये हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. युद्ध संपले, १९१९ मध्ये रेशनिंग उठले, लोणी परत बोटीत चढले आणि रोग पुन्हा दिसू लागला. टंचाईच्या वर्षात मुले सुधारावीत आणि सुबत्तेत बिघडावीत, असे उदाहरण आम्हांला तरी दुसरे माहीत नाही.

कारण काय असावे ते अमेरिकेत उंदरांवरून १९१३ मध्येच दिसले होते. विस्कॉन्सिन विद्यापीठात मॅक्कॉलम आणि मार्गरिट डेव्हिस यांनी उंदरांना शुद्ध प्रथिने, पिष्ट, क्षार आणि डुकराची चरबी दिली. काही काळाने वाढ थांबली. चरबीऐवजी लोण्याचा स्निग्धांश देताच ती पुन्हा सुरू झाली. म्हणजे 'स्निग्ध पदार्थ' सगळे सारखे नव्हते. (डेव्हिसबाईंनी हे काम कित्येक वर्षे बिनपगारी केले, हेही मुलांना सांगायला हरकत नाही.)

आता वसंत ऋतूची गोष्ट. यकृतात 'अ' जीवनसत्त्वाचा साठा असतो. मूल वाढू लागले की तो भराभर खर्च होतो. उपाशी, खुरटलेल्या मुलाला नुसती प्रथिने दिली तर वाढ सुरू होते, साठा संपतो आणि डोळ्यांवर घाला येतो. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर साय काढलेली पावडर मदत म्हणून जगभर जाऊ लागली तेव्हा पोषणतज्ज्ञ अस्वस्थ झाले. १९६० च्या दशकात त्या पावडरीत 'अ' जीवनसत्त्व मिसळायला सुरुवात झाली. भारतात १९७० पासून लहान मुलांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

मुंबईकरांचा या पावडरीशी संबंध त्याआधीचा. १९४० च्या दशकात दारा खुरोडी यांनी म्हशीच्या दुधात साय काढलेली पावडर आणि पाणी घालून 'टोन्ड' दूध तयार केले. ६ टक्के स्निग्धांशाच्या एका लिटरचे ३ टक्क्यांचे दोन लिटर. प्रथिने कमी न होता स्वस्त दूध अनेक घरांत पोचले, हे मोठेच काम. पण 'अ' जीवनसत्त्व मात्र दर पेल्यामागे निम्मे झाले. हा हिशेब सहावीतले मूलही करू शकेल.

१९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड'साठी जागतिक अन्न कार्यक्रमाने १,२६,००० टन साय काढलेली पावडर देऊ केली आणि तिच्याबरोबर ४२,००० टन बटर ऑइल. प्रमाण तीनास एक. सायीसकट पावडरीतही स्निग्धांश साधारण एक चतुर्थांशच असतो. वेगळी झालेली साय दुसऱ्या डब्यातून आली, असे म्हणता येईल.

वर्गात करून पाहण्याजोगे: मुलांना घरातली दूध पावडरीची वेष्टने आणायला सांगावे. स्निग्धांश २६ च्या आसपास असेल तर ती सायीसकट, दीडच्या खाली असेल तर साय काढलेली. 'डेअरी व्हाइटनर' म्हणून मिळते त्यात बहुधा साखर मिसळलेली असते, ती किती ते शोधावे. 'अ' जीवनसत्त्व वरून घातले आहे का, तेही बारीक अक्षरांत सापडते. १३० ग्रॅम पावडर आणि सुमारे ९०० मिलिलिटर पाणी यांचे साधारण एक लिटर दूध होते, एवढ्यावर बाकीचा हिशेब मुले स्वतःच मांडतील.