मलंगगड आणि कल्याण बंदर

आभाळ निवळलेले असताना अंबरनाथहून दक्षिणेकडे पाहिले की मलंगगडाचा उभा सुळका नजरेत भरतो. आपणांपैकी पुष्कळजण तेथे जाऊन आले असतील. कोणी हाजी मलंग बाबांच्या दर्ग्याला, तर कोणी मच्छिंद्रनाथांचे स्थान म्हणून. पण बहुतेकांची वाट तेथेच संपते, आणि खरा किल्ला तर त्याच्या वर आहे.

हा गड येथे का बांधला गेला असेल? याचे उत्तर डोंगरावर शोधून सापडणार नाही. ते खाडीवर शोधले पाहिजे. उल्हास नदी बदलापूरवरून येते आणि कल्याणला खाडीस मिळते. हे बंदर फार जुने; कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे शिलालेख आहेत. येथून माल बोरघाट व नाणेघाट चढून देशावर जाई. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतले, खाडीकाठी दुर्गाडी उभारला आणि तेथे गलबते बांधण्यास आरंभ केला. बंदराने मिळवावे आणि डोंगराने राखावे, अशी ही वाटणी होती.

गडाची रचना तीन टप्प्यांची आहे. खाली ऐसपैस पीरमाची, तिच्यावर चिंचोळी सोनेमाची आणि माथ्यावर बालेकिल्ला. बालेकिल्ल्याला तटाची फारशी गरजच नाही; कडा हाच त्याचा तट. वाट अरुंद, पायऱ्या कातळात खोदलेल्या, आणि वाटेत एक खिंडार असे की आज ते लोखंडी नळावरून ओलांडावे लागते. वर खडकात पाण्याची टाकी आहेत. पाणी असले म्हणजे मूठभर माणसेही गड झुंजवू शकतात.

याचा प्रत्यय १७८० मध्ये आला. कल्याण त्या वेळी इंग्रजांच्या हाती होते. कॅप्टन ॲबिंग्टन याने भर पावसाळ्यात चाल करून पीरमाची घेतली. पण शिबंदी वर सरकली आणि वरचा किल्ला दाद देईना. इतक्यात मराठी फौजांनी खाली कल्याणची वाट अडवली. वेढा घालणाराच वेढ्यात सापडला! ऑक्टोबरात कर्नल हार्टली धावून आला, तेव्हा कुठे त्याची सुटका झाली.

या प्रसंगाचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. इंग्रजांपाशी बंदर होते, माची होती, तोफाही होत्या. नव्हती ती या दोहोंमधली वाट. गड, बंदर आणि वाट ही तिन्ही ज्याच्या हाती, त्याचाच हा प्रांत.

१९४९ मध्ये उल्हासनगर वसले, आणि पुढे ते मधले मैदान घरांनी भरत गेले. त्यामुळे खाडी आणि गड यांचे नाते डोळ्यांआड झाले आहे. तुटलेले मात्र नाही. पुढच्या खेपेस दर्ग्यापाशी दम खाल, तेव्हा एकदा वर कड्याकडे पाहावे आणि मग वळून कल्याणच्या दिशेला पाहावे. दोन्हीकडे पाहिले, तरच गड पाहिला असे म्हणता येईल.