उन्हाळ्यांतील मुक्काम आणि सामानाचा झाडा

मराठ्यांच्या इतिहासावर आजवर जें लिहिलें गेलें त्यांत लढायांचा विचार पुष्कळ झाला, मुक्कामांचा फारसा झाला नाहीं. वस्तुतः लढाईचा प्रसंग वर्षांतून चार-दोन दिवसांचा. बाकीचा काळ कूच आणि मुक्काम यांतच जावयाचा. ज्या फौजेस संध्याकाळीं पाणी, वैरण व सावली मिळाली ती दुसऱ्या दिवशीं लढण्याजोगी राहिली. जिला तीं मिळालीं नाहींत ती शत्रूची गांठ पडण्यापूर्वींच अर्धी हरली. उन्हाळ्यांत तर हें विशेषच खरें. म्हणून वैशाखांतील तळ कसा संभाळीत, बरोबर काय घेत व काय मागें टाकीत, याचे नियम जुन्या कागदांवरून व प्रवाशांच्या लिहिण्यावरून कितपत हातीं लागतात, हें पाहण्याचें आम्हीं या लेखांत योजिलें आहे. विषय वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु मोठमोठ्या मोहिमांचें बरेंवाईट त्यावर अवलंबून होतें असें आमचें मत झालें आहे.

प्रथम कृष्णाजी अनंत सभासदाची साक्ष घेऊं. जिंजीच्या मुक्कामीं राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्यानें जी बखर लिहिली तींत शिवछत्रपतींच्या लष्कराचा वार्षिक क्रम दिला आहे. पावसाळ्यांत फौज छावणीस यावयाची. तिच्यासाठीं दाणा, औषधें, घोड्यांच्या पागा व माणसांचीं गवतानें शाकारलेलीं घरें आगाऊच तयार असावयाचीं. दसरा होतांच कूच, आणि निघतांना लहानथोर सर्वांच्या चीजवस्तूची याद करावयाची. पुढें आठ महिने परमुलखांत काढून वैशाखांत फौज परतली कीं सरहद्दीवरच प्रत्येकाचा झाडा घेऊन तो पहिल्या यादीशीं रुजू पाहावयाचा. बायको, बटीक अथवा कलावंतीण लष्करांत नसावी अशी सक्त ताकीद होती ती निराळीच.

हा झाडा लुटीचा ऐवज सरकारांत यावा म्हणून असे, असाच त्याचा अर्थ आजवर केला जातो, आणि तो बरोबरही आहे. परंतु त्याचा दुसरा एक परिणाम आम्हांस तितकाच महत्त्वाचा दिसतो. ज्या शिपायाच्या पडशींतील प्रत्येक जिन्नस जातांना लिहिला जातो व येतांना मोजला जातो, तो निरुपयोगी वस्तु सहसा बरोबर घेणार नाहीं. ‘खोगीरभरती’ हा शब्द आज आपण निकामी भरण्याच्या अर्थानें वापरतों. पण खोगिरांत काय भरलें आहे याची चौकशी करणारें राज्य एके काळीं या देशांत होतें. प्रवासाची सिद्धता यादीपासून सुरू होते, हा पहिला नियम येथें मिळतो.

दुसरी साक्ष याहून बोलकी आहे. राज्याभिषेकाच्या (१६७४) सुमाराचें, चिपळूण तालुक्यांत हलवर्ण येथें असलेल्या पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस व कारकुनांस महाराजांनीं धाडलेलें पत्र इतिहासभक्तांस सुपरिचित आहे. रयतेस काडीचाही आजार देऊं नये या अर्थाची त्यांतील ताकीद वारंवार सांगितली जाते. आम्ही तें पत्र येथें वेगळ्या दृष्टीनें, म्हणजे उन्हाळी तळाचें आज्ञापत्र म्हणून, वाचतों.

पत्राचें मूळ कारण हिशेबाचें आहे. पावसाळ्याच्या बेगमीस म्हणून दाणा व वैरण जमविलेली. तींतच वैशाखांतील वीस दिवसांचा मुक्काम पागेस अधिक पडला. सांठा आहे तोंवर मनास येईल तसें चारावें आणि संपल्यावर पडत्या पावसांत हात चोळीत बसावें, असें झालें तर घोडीं उपाशीं मरतील व तीं तुम्हींच मारलीं असें होईल, असा त्यांतील इशारा आहे. पुढची पायरीही महाराजांनीं दाखविली आहे. तळावरचें संपलें म्हणजे लोक कुणब्याच्या घरीं दाणा, भाकर, गवत व लांकूड मागावयास जाणार. कुणबी घर सोडून पळणार. आणि मोगलांपेक्षां आपलेच लोक त्यास अधिक वाईट वाटणार. वैरणीच्या एका पेंढीपासून राज्याच्या नांवलौकिकापर्यंतची ही सांखळी इतक्या थोडक्यांत दुसऱ्या कोणीं दाखविल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

त्याच पत्रांत विस्तवाविषयीं सूचना आहेत. वाऱ्याचा विचार न करतां भलत्याच ठिकाणीं चुली मांडणें, आगट्या पेटविणें, तंबाखूसाठीं विस्तव नेतांना पुढें पडलेल्या गवताकडे न पाहणें, रात्रीं दिवा तसाच जळत ठेवून निजणें, या सर्व गोष्टींची त्यांत नांवनिशीवार मनाई आहे. उंदीर जळती वात ओढून नेईल व गंजी पेटेल, इतक्या बारकाव्यापर्यंत लिहिणाऱ्याची नजर गेली आहे. वैशाखाच्या वाळलेल्या कोंकणांत एक खोप पेटली म्हणजे सारा तळ भस्म होण्यास वेळ लागत नाहीं. ज्यानें स्वतः उघड्यावर रात्री काढल्या आहेत त्यासच उंदराची आठवण व्हावयाची.

याच्या उलट टोंकास मोगल बादशहाचा मुक्काम. अबुल फजलानें ‘आईन-इ-अकबरी’ंत अकबराच्या एका तळाच्या सरंजामास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे व १०० हमाल लागत असें लिहिलें आहे. १,००० फरास, ५०० बेलदार, १०० भिस्ती व १५० झाडूवाले त्याशिवाय. असे दोन संच असत. बादशहा एका तळावर असतां दुसरा पुढच्या मजलेवर उभा होई. त्यास पेशखाना म्हणत. पुण्यांत ‘फरासखाना’ हें नांव आज पोलीस ठाण्यामुळें लोकांच्या तोंडीं आहे. मूळचा तो तंबू, कनाती व बिछायती यांचा कारखाना, हें नव्या पिढीस सांगावें लागतें.

हा थाट पाहून मोगलांस हलका प्रवास ठाऊकच नव्हता असें मात्र कोणीं समजूं नये. फ्रेंच वैद्य बर्नियर १६६४ च्या डिसेंबरांत औरंगजेबाच्या स्वारीबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला. त्यानें आपल्या सामानाची जी याद दिली आहे ती आमच्या मतें प्रवाससामानाच्या जुन्या यादींत उत्कृष्ट होय. दोन तुर्की घोडे, एक इराणी उंट व त्याचा हांक्या, मोतद्दार, आचारी, आणि पाण्याची सुरई हातांत घेऊन घोड्यापुढें चालणारा एक नोकर. मध्यम आकाराचा तंबू व एक गालिचा; बळकट पण हलक्या अशा चार वेतांची सुटी होणारी खाट; उशी व दोन पांघरुणें; जेवणासाठीं चामड्याचें वाटोळें आंथरूण; रंगीत कापडाचे रुमाल; स्वयंपाकाच्या भांड्यांच्या तीन लहान पिशव्या. या पिशव्या मोठ्या पिशवींत, आणि ती चामड्याच्या वाद्यांनीं विणलेल्या दुहेरी जाळ्यांत. धान्य, धन्याचे व नोकरांचे कपडे हेंही सर्व त्याच जाळ्यांत, म्हणजे एकदां उंटावर चढविलें कीं मोजावयाचें नग एकच.

खाण्याची तरतूदही विचार करण्यासारखी आहे. उत्तम तांदूळ पांच-सहा दिवस पुरेल इतकाच. बडीशेपेच्या वासाचीं गोड बिस्किटें. लिंबें व साखर. आणि दही टांगून त्यांतील पाणी गाळण्यास लोखंडी आंकडा लाविलेली कापडी पिशवी. या देशांत लिंबाचें सरबत आणि दही यांसारखें थंडावा देणारें दुसरें कांहीं नाहीं, असें तो लिहितो. आमच्याकडे चक्का टांगणारी कोणतीही गृहिणी या पिशवीस ओळखील.

परंतु इतकें सुटसुटीत सामानही पुढें जड झालें. लाहोराहून डोंगराच्या पायथ्याशीं भिंबर येथपर्यंतचा प्रवास इतक्या कडक उन्हाचा झाला कीं अंगावर घामोळें उठून तो हैराण झाला. पुढें घाटांत उंट चालेना. मोठा तंबू व बरेंच सामान लाहोरासच ठेवून आलों असतांही आपणांस तीन हमाल लागले, असें तो सांगतो. काश्मिरांत दाणावैरणीची टंचाई पडूं नये म्हणून खुद्द बादशहानेंही भिंबरास पहारे बसवून बरोबरच्या लोकांची छाट केली. डोंगराच्या पायथ्याशीं आलमगीरासही सामानाचा झाडा घ्यावा लागला, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

पाणी थंड करण्याच्या युक्त्या दोन प्रकारच्या दिसतात. बर्नियरची सुरई कथलाची असून तिला तांबडें कापड गुंडाळलेलें असे. कापड भिजवून ती वाऱ्यावर हालती ठेविली कीं ओल सुकतांना आंतील पाणी गार होई. खेड्यांतील ओल्या फडक्याची घागर व प्रवाशाची चागळ याच न्यायावर चालतात, आणि यास खर्च कांहींच नाहीं. दुसरा प्रकार सरदारी. सोऱ्याच्या पाण्यांत बंद सुरई फिरवून पाणी निवविणें, व वाळ्याच्या टट्ट्या भिजवून वारा आंत घेणें, या दोन्ही युक्त्या ‘आईन’ंत नमूद आहेत. पण पाणी गार करण्यासाठीं सोऱ्याचें ओझें, आणि टट्ट्या भिजविण्यासाठीं आणखी भिस्ती! जेथें प्यावयासच पाणी अपुरें तेथें ही युक्ति आपोआपच गळून पडते.

तळ मांडण्याची पद्धति ब्रौटन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८०९ सालीं दौलतराव शिंद्यांच्या लष्करांत राहून टिपली आहे. बिनीवाला पुढें जाऊन जागा पाही व महाराजांच्या डेऱ्याच्या ठिकाणीं लहानसें पांढरें निशाण रोवी. मागाहून निरनिराळ्या बाजारांचीं निशाणें येत. तीं परस्परांपासून नेहमीं त्याच दिशेस व शक्य तों सरळ ओळींत लागत. याचा लाभ उघड आहे. गांव रोज बदले, पण गल्ल्या बदलत नसत. ज्यानें तळाची मांडणी रोज तीच ठेविली, त्याचा अंधारांत शोधाशोधीचा त्रास चुकला.

आतां या नियमांची किंमत प्रत्यक्ष इतिहासांत किती भरावी लागली तें पाहूं. १७२८ च्या फेब्रुवारींत बाजीरावाच्या पाठलागासाठीं निजामानें आपला जड तोफखाना मागें ठेविला. म्हणजे ओझें टाकण्याची गरज त्यास कळली होती. परंतु पालखेडाजवळ तो अशा जागीं कोंडला गेला कीं तेथें फौजेस पाणी मिळेना, आणि मार्चांत मुंगी-शेवगांवचा तह करून त्यास सुटका करून घ्यावी लागली. ओझें कमी करणें ही अर्धी विद्या. पाण्याची जागा आधीं हेरणें ही उरलेली अर्धी. तोच बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजीं, ऐन वैशाखांत, नर्मदाकांठीं रावेरखेडीच्या मुक्कामीं ज्वरानें वारला. त्याचें वय चाळिशीच्या आंत होतें. जन्मभर हलक्या कुचाची कीर्ति मिळविलेल्या पुरुषासही उन्हाळी तळ जीव घेऊन गेला. तेव्हां या विषयास क्षुल्लक कोण म्हणेल?

पानिपतची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आम्ही येथें फक्त ऋतु आणि ओझें यांकडे लक्ष वेधतों. सभासदानें फौज परतण्याचा जो महिना सांगितला, त्याच्या तोंडावर, मार्च १७६० मध्यें, भाऊसाहेब पटदुराहून उत्तरेस निघाले. बरोबर यात्रेकरू, बायकामुलें व बाजारबुणगे. सारा उन्हाळा मजल दरमजल करण्यांत गेला; यमुनेस पूर आल्यामुळें अंतर्वेदींत उतरतां येईना; दिल्ली हातीं आली ती ऑगस्टांत. जड सामान व कबिले मागें ठेवून सडे व्हावें असा सल्ला सुरजमल जाटानें दिल्याचें सांगतात. तो मानला गेला नाहीं. ऑक्टोबरांत अब्दाली बागपतास यमुना उतरून आल्यावर दक्षिणेची वाट तुटली, डिसेंबरांत रसद पुरविणारे गोविंदपंत बुंदेले पडले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजीं जी फौज मैदानांत उतरली ती उपाशी होती.

यावरून सर्व दोष बुणग्यांवर लादावा असें आमचें म्हणणें नाहीं. यात्रेकरूंस फौजेखेरीज उत्तरेच्या वाटेवर दुसरें संरक्षण नव्हतें, आणि बाजाराशिवाय इतकी मोठी फौज चालतीना. परंतु चिपळूणच्या पत्रांत वीस दिवसांच्या जादा मुक्कामाची जी काळजी आहे, ती काळजी करणारी व ‘इतकें असेल तर इतकेंच न्यावें’ असा हिशेब मांडणारी लेखणी या मोहिमेंत अपुरी पडली असें म्हटल्यावांचून राहवत नाहीं. जातांना याद करावी. ओझें परतीच्या वाटेनें व ऋतूनें मोजावें. तळ पाण्याजवळ पण विस्तव वाऱ्यापासून दूर ठेवावा. सांठ्यांतलें आज उद्याच्या नजरेनें खर्चावें. घाट लागण्यापूर्वींच निम्मे टाकावें. इतकाच या साऱ्याचा निष्कर्ष, आणि तो आजच्या वाटसरूसही लागू आहे.

शेवटीं जुनीं दप्तरें बाळगणाऱ्या गृहस्थांस आमची एक विनंति आहे. दप्तर चाळतांना सनदा, तहनामे व थोरांचीं पत्रें निवडून घेण्याकडे आपणां सर्वांचा ओढा असतो; राहुट्या, पखाली, तोबरे, वैरण व दिवट्यांचें तेल यांच्या याद्या किरकोळ म्हणून रुमालाच्या तळाशीं पडतात व वाळवीच्या तोंडीं जातात. मोहीम कां फसली याचें उत्तर तहनाम्यांत सांपडत नाहीं. तें पुष्कळ वेळां अशाच एखाद्या फाटक्या यादींत असतें. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते फेकून न देतां त्यांची नक्कल तरी करून ठेवावी. शिवछत्रपतींनीं शिपायाच्या पडशीचा झाडा घेतला. आपण निदान आपल्या दप्तरांचा घेऊं या.